मावळतीची दुरुस्ती

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण मला वाटलं त्यात माझी स्तुती आहे. स्तुतीला काय उत्तर द्यायचं हे मला आयुष्यात कधी जमलं नाही. कोणी शिव्या घातल्या तर निदान मान खाली घालता येते. स्तुती केली तर मान ठेवायची कुठे?

पत्र आमच्या जावा बेटावरच्याच तेमांगुंग गावाहून आलं होतं. लिस्त्यानी नावाची मुलगी तिथल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचं काम करत होती. पत्र संगणकावरूनच आलं होतं, पण त्याची चाल जुन्या घरातल्या सुनेसारखी होती, उंबरठ्यावर दहादा थांबून मग आत येणारी.

‘आदरणीय पाक दार्माजी, आपला मोलाचा वेळ खाते आहे याची क्षमा असावी. आपलं पसरान इतकं सुंदर आहे की माझ्यासारखीने ते वापरणं हेच धाडस. विशेषतः संध्याकाळच्या वेळा टाकल्यावर ते जी उत्तरं देतं ती इतकी खोल असतात की माझ्या बुद्धीला झेपत नाहीत. बहुधा माझा संगणकच म्हातारा झाला असावा. आपली प्रकृती उत्तम राहो.’

‘पाक’ हे आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी मानाने लावतात. मी ते दोनदा वाचलं, कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि पत्र बाजूला ठेवून दिलं.

पसरान हे माझं म्हातारपणीचं खूळ. सालातिगातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी जन्म काढला. तिथे कोणी न नेलेली पुस्तकं मी घरी नेत असे आणि त्यांतच संगणकाची काही होती. त्यांच्या भरवशावर निवृत्तीनंतर मी हे एक्स्टेंशन लिहिलं. छापखानेवाले आणि प्रोग्राम लिहिणारे ज्या फुकटच्या एडिटरमध्ये मजकूर लिहितात, त्याला मागून जोडायचं एक छोटं शेपूटच म्हणा. तारीख लिहून कळ दाबली की शेजारी आपल्या पद्धतीचा वार उमटतो: सात दिवसांच्या आठवड्यातला एक आणि पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला एक, जोडीने. पुढे लोक मागे लागले म्हणून मी त्यात लग्नाची जुळणीही घातली. मुलाच्या आणि मुलीच्या जन्मवारांचे आकडे मिळवायचे, आठ घरांतून मोजत न्यायचे आणि मोजणी कुठे थांबते ते पाहायचं. ‘तिनारी’त थांबली तर घरात सुबत्ता. ‘पडू’त थांबली तर रोज भांडण. ‘पेगात’मध्ये थांबली तर काडीमोड. माझा त्यावर विश्वास आहे का, असं कोणी विचारलं तर मी चष्मा पुसायला लागतो.

पसरानचा कोड सगळ्यांसाठी उघडा आहे. कोणीही वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्त करून पाठवावी. तक्रारींचं पानही साऱ्या जगासमोर. माझ्यासारख्याने असला उद्योग करणं म्हणजे लाजाळूच्या रोपट्याने चौकात जाऊन उभं राहणं. पण आमच्या भागातले लोक तक्रार करतच नाहीत, त्यामुळे ते पान बरेच दिवस स्वच्छ होतं आणि मी त्यालाच माझ्या कामाची पावती समजत होतो.

मग एके दिवशी त्या पानावर लिस्त्यानीची तक्रार आली.

तक्रार करणाऱ्यासाठी तिथे तीन प्रश्न छापलेले असतात. सगळेच ठेवतात, म्हणून मीही ठेवले होते. लिस्त्यानीने ते इमानदारीने भरले होते.

काय व्हायला हवं होतं? — लग्न.

प्रत्यक्षात काय झालं? — काडीमोड, तोही लग्नाआधी.

ही चूक पुन्हा कशी घडवून दाखवता येईल? — क्षमा असावी, घडवता येणार नाही. माझा जन्म एकदाच झाला आहे.

खाली सगळी हकीकत होती. लिस्त्यानीचा जन्म जूनमधल्या एका गुरुवारचा, संध्याकाळी पावणेसहाचा. घरात तिला सगळे शुक्रवारची पोर म्हणतात. पसरान मात्र तिला गुरुवारची म्हणतं. शुक्रवार धरला तर बोंदान नावाच्या मुलाशी तिची जुळणी तिनारीत थांबते, गुरुवार धरला तर पेगातमध्ये. बोंदानला वाढवलं त्याच्या थोरल्या काकांनी, पाक विग्न्यो यांनी. ते तंबाखूचे पारखी. नुसत्या वासावरून पानाची प्रत सांगणारे, आणि एकदा सांगितली की देवाच्या बापालाही न बदलणारे. त्यांनी जुळणी पसरानवर काढली होती आणि लग्नाला नकार दिला होता. काकांचा आशीर्वाद नसेल तर बोंदान मांडवात उभा राहायचा नव्हता. ‘दुसऱ्यांच्या पत्रिका रोज जुळवते,’ शेवटी लिहिलं होतं, ‘माझी तेवढी अडून आहे.’

मी ते माझ्या बायकोला, सुलास्त्रीला, वाचून दाखवलं. तिने आधीचं पत्रही मागितलं.

“अहो,” ती वाचता वाचताच हसायला लागली, “ही स्तुती आहे? पोरगी सांगतेय की तुमचं यंत्र बिघडलंय!”

“तसं कुठे म्हटलंय?”

“‘इतकं खोल की बुद्धीला झेपत नाही’ म्हणजे काय असतं? शेजारीण माझी भाजी खाऊन ‘किती वेगळी चव!’ म्हणाली, तर तुम्ही तिला आणखी वाढाल का?”

“मी वाढलं असतं,” मी म्हणालो.

“हो, वाढलंच असतं तुम्ही. जावात जन्म काढून जावाच्या माणसाचं बोलणं कळत नाही. संध्याकाळचं काय म्हणतेय ती? तुमच्यात दिवस बदलतो कधी?”

“बारा वाजता. मध्यरात्री.”

“कोणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तक कोणाच्या गावचं?” सुलास्त्रीने कपाळावर हात मारला. “गुरुवारी सूर्य बुडला की शुक्रवारची रात्र लागते. शुक्रवारच्या रात्रीची भुतं गुरुवारी संध्याकाळी बाहेर पडतात. भुतांना कळतं हो, आणि तुमच्या पसरानला कळत नाही!”

मला काही हे नव्याने कळलं नव्हतं. माझी आई गुरुवारी तिन्हीसांजेला ताटलीत फुलं ठेवायची, शुक्रवारसाठी. पण लिहायला बसलो की मी पुस्तकाचा होतो. पुस्तकात दिवस मध्यरात्री बदलत होता, म्हणून मीही बदलला.

मी उत्तर लिहायला घेतलं. ‘आपण दाखवलेली त्रुटी बहुधा त्रुटी असावी’ असं लिहिलं आणि खोडलं. तेवढ्यात सुराबायाहून गुफ्रान नावाचा एक तरुण पानावर अवतरला. सुराबायाची माणसं आमच्यासारखी उंबरठ्यावर थांबत नाहीत, ती भिंत फोडून येतात.

‘पाक, सोपं आहे,’ त्याने लिहिलं. ‘सहा वाजले की पुढचा दिवस. एक ओळ बदलली, पाठवली आहे. मंजूर करा आणि मला लग्नाच्या जेवणाला बोलवा. आणि एक सांगू का? तुमच्या कोडात कोडपेक्षा माफीच जास्त आहे. एका ओळीवर लिहिलंय, ‘हे बरोबर असावं.’ खालच्या ओळीवर, ‘नसल्यास क्षमा.’ संगणक माफ करत नसतो, पाक.’

लिस्त्यानीने त्याची दुरुस्ती बसवून पाहिली आणि कळवलं की दुरुस्ती अप्रतिम आहे, फक्त ती अजून गुरुवारचीच आहे. खरंच होतं. तिचा जन्म पावणेसहाचा आणि गुफ्रानचा सूर्य सहाला बुडत होता.

त्याच दुपारी तिसरा माणूस पानावर आला.

‘ही चूक नाही,’ त्याने लिहिलं. ‘जुनं यंत्र तपासलं, सुधारलेलंही तपासलं. दोघांचं एकमत आहे. तक्रार बंद करावी.’

गुफ्रानने विचारलं, ‘तुम्ही कोण?’

‘वापरणारा.’

‘कशाला वापरता?’

‘पुतण्याचं लग्न मोडायला. माणूस नातं बघून मोजतो, यंत्र नातं बघत नाही. म्हणून माझा यंत्रावर विश्वास आहे. — विग्न्यो.’

‘काका, यंत्र आमच्यासारख्या गाढवांनीच लिहिलेलं असतं.’

‘आपल्याबद्दल मी बोलू शकत नाही. पाक दार्माजी विद्वान आहेत.’

ते वाचून मी दिवसभर संगणकाजवळ गेलो नाही.

पण प्रश्न माझ्यावरच येऊन पडला होता. सहाचा काटा खोटा होता. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आसपासच बुडतो आणि जानेवारीत सहा वाजून गेले तरी रेंगाळतो. दुरुस्ती करायची तर सूर्याला विचारूनच करायला हवी होती: कुठलं गाव, कुठली तारीख, मावळती कधी. मी जुनी खगोलाची पुस्तकं काढली, गणित मांडलं, चुकलो, पुन्हा मांडलं. आठवडाभराने ते जमलं. तेमांगुंगमध्ये त्या गुरुवारी सूर्य साडेपाचला बुडाला होता. लिस्त्यानी पावणेसहाला जन्मली. ती शुक्रवारची होती.

आणि तिथेच माझे हात थांबले. उत्तर मला हवं होतं तेच आलं होतं, म्हणून मला त्याची भीती वाटली.

“सुलास्त्री,” मी म्हणालो, “मी त्या मुलीच्या बाजूने सूर्य लवकर बुडवत तर नाही ना?”

“तुम्हाला आमटीत मीठ टाकायला सांगितलं तर तुम्ही तीनदा मला विचारता. तुम्ही सूर्य कसला बुडवताय!” ती म्हणाली. “द्या कोणाला तरी तपासायला.”

“कोणाला?”

“जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय त्याला.”

ही रीत आमच्या त्या उघड्या जगातही आहे. नवी आवृत्ती सगळ्यांना देण्याआधी सर्वांत कडक माणसाच्या हातात ठेवायची. मी धीर करून पाक विग्न्यो यांना लिहिलं की आपली नजर पारख्याची आहे, आपल्या माहितीतले जन्म यात घालून पाहावेत, चुका सापडतीलच. त्यांचं उत्तर लगेच आलं: ‘सापडतीलच.’

मग पानावर शांतता पसरली. पाक विग्न्यो काही लिहीनात. लिस्त्यानीने आदराने विचारलं की पत्रिकांचा कागद संपत आला आहे, थोडा राखून ठेवू का. गुफ्रानने लिहिलं, ‘काका झोपले की काय?’ तरीही काही नाही.

रविवारी सकाळी आमच्या अंगणात एक मोटरसायकल येऊन थांबली. पुढे ताठ पाठीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस, मागे गेतुकच्या, म्हणजे कंदाच्या गोड वड्यांची टोपली मांडीवर घेतलेली गोल चेहऱ्याची बाई. बाई हसू दाबत होती. माणूस अजिबात हसत नव्हता.

“मी विग्न्यो,” तो म्हणाला. “तुमच्या पानावर तक्रारीसाठी खिडकी आहे. मी दारातून आलोय. चालेल ना?”

सुलास्त्रीने चहा ठेवला. आम्ही पावसाबद्दल बोललो, तंबाखूबद्दल बोललो, सालातिगाच्या हवेबद्दल बोललो. तंबाखूबद्दल पुन्हा बोललो. चहा संपला, गेतुकही अर्धं संपलं. मग पाक विग्न्यो खाकरले.

“तुमची नवी आवृत्ती,” ते म्हणाले, “फार सुंदर आहे.”

मी या वेळी फसलो नाही. “काय बिघडलं?” मी विचारलं.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांची बायको म्हणाली, “सांगा की! एवढ्या लांब मला मागे बसवून आणलंत ते काय गेतुक खायला?”

“माझा काडीमोड झाला आहे,” पाक विग्न्यो म्हणाले.

सुलास्त्री पदराआड तोंड लपवून स्वयंपाकघरात पळाली.

झालं होतं असं की त्यांनी आधी गावातल्यांचे जन्म घालून पाहिले होते, मग पोरांचे, मग नातवंडांचे. सगळं बिनचूक. शेवटी, सही ठोकावी तसा, स्वतःचा घातला. त्यांचा जन्म दिवेलागणीचा, असं घरात नेहमी सांगत आले होते. पसरान म्हणालं, दिवेलागण म्हणजे सूर्य बुडून गेलेला, म्हणजे पुढचा वार. आणि त्या वाराने बायकोशी जुळणी केली तर मोजणी जाऊन थांबते पेगातमध्ये.

“चाळीस वर्षांचा संसार,” ते म्हणाले. “चार मुलं. आणि तुमचं यंत्र म्हणतंय की टिकणार नाही. तेव्हा मागची आवृत्ती परत आणा. गुपचूप.”

“पण तुमच्या लग्नात कोणी मोजलं असेल ना?” मी विचारलं.

“माझ्या वडिलांनी. नीट मोजलं होतं. चांगलं आलं होतं.”

“नीट मोजलं होतं,” त्यांची बायको म्हणाली, “आणि पेगात आलं होतं.”

पाक विग्न्यो यांनी मान वळवली, हळूहळू, जसं जुनं दार वळतं.

“काय?”

“मला सासूबाईंनी केव्हाच सांगितलंय. मामंजींनी मोजलं, पेगात आलं. मग ते अंगणात उभे राहिले, सुम्बिंग डोंगराकडे बघितलं आणि म्हणाले, ‘सूर्य डोंगराआड गेला होता हे खरं. पण डोंगरापलीकडच्या गावात अजून ऊन होतं. म्हणजे बुडाला कुठे?’ आणि तुम्हाला आदल्या दिवसाचं करून टाकलं.”

“बाबांनी? लबाडी?”

“लबाडी नाही हो. त्यांना सून पसंत होती.”

पाक विग्न्यो यांनी गेतुकचा तुकडा उचलला, वास घेतला आणि परत ठेवला.

“ते असू दे,” शेवटी ते म्हणाले. “मागची आवृत्ती परत आणा. माझं म्हणणं तेवढंच आहे.”

नाही म्हणणं आमच्याकडे कोणालाच येत नाही, मला तर मुळीच नाही. पण एक गोष्ट मला पाठ होती आणि ती मी पुस्तक वाचल्यासारखी म्हणालो.

“आणता येईल. फक्त कारण लिहावं लागेल.”

“कुठे?”

“पानावर. काहीही बदललं की का बदललं ते लिहायचं, अशी रीत आहे. सगळे वाचतात.”

“काय लिहाल?”

“जे झालं ते. की नव्या आवृत्तीने पाक विग्न्यो यांचा...”

“आणि तो सुराबायाचा पोरगा वाचेल?”

“सगळ्यात आधी तोच वाचेल.”

स्वयंपाकघरातून कपबशी खळकन वाजली. सुलास्त्री आवाज न करता हसायला लागली की तिच्या हातात काही धरवत नाही.

“अहो,” पाक विग्न्यो यांची बायको म्हणाली, “मागचं आणलंत तर दिवस बदलणार बारा वाजता. उद्यापासून शुक्रवारची फुलं मी मध्यरात्री उठून ठेवायची का? तुमच्यासाठी? तुम्ही उठणार?”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“का नको? माझाही काडीमोड झालाय. मला तर चालेल बाई. एवढी वर्षं रांधलं, आता सालातिगाला येऊन राहते. हवा छान आहे.”

“अगं!”

“नाहीतर,” ती आता सरळ माझ्याकडे बघून बोलू लागली, “बिघडलेल्या जुळणीवर आपल्याकडे काय करतात? पुन्हा निकाह लावतात, चांगला दिवस बघून. माझ्या मावशीने लावला होता. बोंदानच्या मांडवात एक पाट आमच्यासाठी मांडायचा. एकाच खर्चात दोन दुरुस्त्या.”

पाक विग्न्यो अंगणाकडे बघत बसले. एका कोंबडीने त्यांच्या मोटरसायकलचं चाक पारखून पाहिलं आणि नापसंत केलं. मला वाटलं, आता ते उठतील, निघून जातील आणि ते लग्न कायमचं मोडेल. माझी बोटं चष्म्याकडे गेली.

“पाक दार्माजी,” ते म्हणाले, “त्या पोरीच्या जन्माला सूर्य खरंच बुडला होता? तुम्ही माझ्या बाबांसारखं डोंगराकडे बघून तर नाही ना ठरवलं?”

“डोंगर मी धरलाच नाही,” मी म्हणालो. “सपाट जमीन धरून मोजलं. डोंगर धरला असता तर आणखी लवकर बुडला असता.” आणि का कोण जाणे, पहिल्यांदाच मी त्याच्यापुढे ‘बहुधा’ लावलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तंबाखूच्या पानाकडे बघतात तसंच बघत असावेत. मग खिशातून फोन काढला.

“बोंदान? पत्रिका छापायला सांग तिला... हो, तिलाच. दुसरी कुठली ‘ती’ आहे तुला?... कारण विचारू नकोस... नाही, पानावरसुद्धा विचारू नकोस!”

फोन खिशात टाकून ते बायकोला म्हणाले, “पाट मागच्या बाजूला मांडायचा. कोणाला दिसणार नाही असा.”

“मधोमध मांडायचा,” बायको म्हणाली.

ते गेल्यावर मी नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. बदलाचं कारण लिहिलं: ‘आता दिवस सूर्य बुडाल्यावर बदलतो.’ क्षमा मागितली नाही. गुफ्रानने खाली लिहिलं, ‘काकांनी तपासलं? काही सापडलं?’ पाक विग्न्यो यांनी उत्तर दिलं, ‘काहीही सापडलं नाही. तक्रार बंद करावी.’

मी तक्रार बंद केली. मग ते पहिलं पत्र उघडलं, ज्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. पुष्कळ लिहिलं. सूर्याबद्दल, पुस्तकांबद्दल, माझ्या आईच्या फुलांच्या ताटलीबद्दल. सगळं खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. सुलास्त्री मागे येऊन उभी राहिली.

“एवढी काय जड आहे ती कळ? मी दाबू?”

“नको,” मी म्हणालो.

‘चि. लिस्त्यानी, तुझा संगणक ठणठणीत आहे. तू केलेली माझी स्तुती मला उशिरा कळली. ती दुरुस्त केली आहे.’

आणि पाठवलं.